गाडीत ब्लूटूथ हँड्सफ्री किट स्वतः बसवताना: आधी मोजा, मग जोडा, आणि सगळ्यात जास्त वेळ माईकला द्या

हँड्सफ्री किट बसवून झालं की आपण गाडीत बसतो, फोन लावतो, समोरच्याचा आवाज स्पीकरमधून खणखणीत येतो आणि काम फत्ते झालं असं वाटतं. पण किट नीट बसलंय की नाही हे गाडीत बसलेल्याला कळतच नाही. ते कळतं फोनच्या पलीकडच्या माणसाला. तुमचा आवाज त्याला विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल किंवा स्वतःचेच शब्द परत ऐकू येत असतील, तर तो "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवून देतो. मी पहिलं किट बसवलं तेव्हा बहीण दर फोनला विचारायची, "बोगद्यात आहेस का?" पंधरा दिवसांनी लक्षात आलं की माईक एसीच्या जाळीसमोर चिकटवला होता. महागातलं किट होतं, वायरिंगही नीट होतं, फक्त माईकची जागा चुकली होती.

तेव्हापासून मी हे काम पलीकडच्या कानापासून सुरू करतो. वायरी जोडणं अवघड नाही. मल्टिमीटर लावता येतो आणि घाई न करता काम करता येतं अशा कुणालाही ते जमेल. पहिल्यांदाच करत असाल तर अख्खी सकाळ मोकळी ठेवा आणि भरपूर उजेडाची जागा निवडा.

कोणतं किट घ्यायचं

बाजारात चार-पाच प्रकार दिसतात. सनव्हायझरला अडकवायचा स्पीकरफोन हा सगळ्यात सोपा. वायरिंग नाही, फक्त चार्ज करायचा. भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या गाडीत तोच बरा. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर मला आवडत नाही. एक तर रिकामी फ्रिक्वेन्सी शोधत बसावं लागतं, शिवाय त्याचा माईक गिअरच्या आसपास, म्हणजे तोंडापासून नको तितका लांब राहतो. स्टिरिओला ऑक्सचं भोक असेल तर ऑक्स रिसीव्हर गाण्यांसाठी चांगला, पण त्याला वेगळ्या वायरीचा माईक असेल तरच कॉलसाठी घ्या. ब्लूटूथवाला नवा स्टिरिओ बसवणं हाही एक मार्ग आहे, आणि माईकबद्दल पुढे जे लिहिलंय ते त्यालाही जसंच्या तसं लागू पडतं.

हा लेख मुख्यतः पक्क्या किटबद्दल आहे. यात एक छोटा डबा डॅशबोर्डच्या आत राहतो, वेगळा माईक वर लागतो, एक बटणाचा किंवा स्क्रीनचा तुकडा हाताशी येतो आणि समोरच्याचा आवाज गाडीच्याच स्पीकरमधून ऐकू येतो. कॉल आला की स्टिरिओ आपोआप गप्प होतो.

खोक्यावर तीन अक्षरसमूह शोधा. एचएफपी म्हणजे कॉलसाठीचं प्रोफाइल. ए२डीपी म्हणजे स्टिरिओ संगीत. पीबीएपी म्हणजे फोनमधली नावं-नंबर किटवर दिसणं. एचएफपीची आवृत्ती १.६ किंवा त्यापुढची असेल तर ते किट आधी बघा. २०११ साली आलेल्या या आवृत्तीपासून आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने पाठवण्याची सोय झाली. त्याआधी ८,००० होते. फरक कानाला लगेच कळतो: 'स' आणि 'श', 'प' आणि 'फ' वेगवेगळे ऐकू येतात. मात्र त्यासाठी फोन आणि नेटवर्क या दोघांचीही साथ लागते.

किट घेण्याआधी गाडीही तपासा. स्टिरिओच्या मागे कोणता कपलर आहे? जुन्या बऱ्याच गाड्यांत आठ-आठ पिनांचे दोन कपलर असतात, एक वीजपुरवठ्याचा आणि एक स्पीकरचा. त्या मानकाचं नाव आयएसओ १०४८७. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत क्वाडलॉक नावाचा एकच मोठा चौकोनी कपलर असतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार 'म्यूट लीड' (किट स्टिरिओला जोडणारी तयार केबल) मिळत असेल तर तीच घ्या. ती स्टिरिओ आणि गाडीचा कपलर यांच्या मध्ये बसते, त्यामुळे गाडीची एकही वायर कापावी लागत नाही आणि उद्या किट काढलं तर सगळं पूर्ववत होतं. गाडीला वेगळा अँप्लिफायर असेल किंवा स्टिरिओपासून आवाज ऑप्टिकल फायबरने जात असेल तर साधी लीड चालणार नाही. तिथे त्या गाडीसाठीचा खास अडॅप्टर लागतो. तो मिळत नसेल तर वेगळ्या छोट्या स्पीकरचं किट घ्या.

जमवायचं सामान

मल्टिमीटर हवाच, त्याशिवाय काम सुरू करू नका. मग १० मिलिमीटरचा पाना (बॅटरीच्या टर्मिनलला बहुधा हाच लागतो), स्क्रू ड्रायव्हरचे दोन-तीन आकार, प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या, वायर सोलायचा आणि क्रिंप करायचा पक्कड, हीट श्रिंक नळी, झिप टाय, कापडी हार्नेस टेप आणि कागदी चिकटपट्टी. साधी काळी इन्सुलेशन टेप डॅशबोर्डच्या आत वापरू नका. उन्हात तिचा गोंद वितळतो, वर्षभरात ती सुटते आणि उघडा जोड तसाच लोंबत राहतो. कापडी टेपने वायरी गुंडाळल्या की त्या प्लास्टिकवर आपटून खडखडही करत नाहीत.

वायर चिमटून जोडणारे निळे-लाल टॅप कनेक्टर बरेच जण वापरतात. मी वापरत नाही. आतलं पातं तारेचे काही पदर कापतं आणि गाडीच्या हादऱ्यांनी जोड सैल होतो. असा सैल जोड शोधताना अख्खा दिवस जातो.

बॅटरी आणि एअरबॅग

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चावी काढा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा, नाहीतर बॅटरी परत जोडल्यावर स्टिरिओ कुलूपबंद होऊन बसेल. काही गाड्यांत काचांची ऑटो सेटिंगही नंतर पुन्हा शिकवावी लागते. ती कृती गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

एक नियम पक्का लक्षात ठेवा: मोजमाप करताना बॅटरी जोडलेली, जोडाजोड करताना बॅटरी काढलेली. काढताना आधी निगेटिव्ह काढायचा. पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, कारण बॉडी आणि निगेटिव्ह एकच. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह निघाल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी तुटली तरी फुगा उडवता यावा म्हणून वीज साठवलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा.

पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर दिसला की तो एअरबॅगचा समजा. त्याला हात लावू नका आणि मल्टिमीटरची टोकं तर मुळीच लावू नका. मीटरच्या तपासणी-प्रवाहानेही फुगा उडण्याचा धोका असतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसली तर ती उच्च दाबाची, तिच्यापासून लांब. किट मात्र तिथेही छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवरच चालतं.

स्टिरिओ बाहेर काढणं

आजूबाजूच्या प्लास्टिकवर कागदी चिकटपट्टी लावून घ्या, ओरखडे वाचतात. जुन्या सिंगल डिन स्टिरिओला (दर्शनी भाग सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर) दोन्ही बाजूंच्या भोकांत यू आकाराच्या चाव्या घालून ओढायचं असतं. इतर गाड्यांत आधी बाजूची पट्टी ट्रिमच्या साधनाने उचकटायची, मग आतले स्क्रू. कुठेही जोर लावावा लागला तर थांबा. कुठला तरी स्क्रू नक्की राहिलेला असतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका कागदावर चिकटवून ठेवा.

स्टिरिओ बाहेर आला की लगेच ओढू नका. मागची अँटेनाची केबल आखूड असते.

मोजणं: याच टप्प्यावर घाई नको

मोजण्यासाठी बॅटरी परत जोडा. मात्र काढताना एअरबॅगचा एखादा कपलर सुटला असेल तर आधी तो लावा. तो सुटलेला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि नुसतं बंद-चालू करून तो विझत नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक स्वच्छ उघड्या धातूवर टेकवा आणि लाल टोकाने वीजपुरवठ्याच्या कपलरच्या पिना एकेक तपासा.

आपल्याला तीन गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, कायमचा पॉझिटिव्ह: चावी असो वा नसो, १२ व्होल्टच्या आसपास दाखवणारी पिन. पूर्ण चार्ज झालेली आणि निवांत असलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. दुसरी, चावीचा पॉझिटिव्ह: चावी फिरवली की १२, काढली की शून्य. काही गाड्यांत हा पुरवठा चावी काढल्यावरही थोडा वेळ किंवा दार उघडेपर्यंत चालू राहतो, म्हणून दार उघडून, बंद करून, थोडं थांबून पुन्हा मोजा. तिसरी, अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह बाजू. ती तपासायला मीटर ओहमवर घ्या, बॉडीशी जवळजवळ शून्य रोध दिसला पाहिजे.

आयएसओ कपलरमध्ये चौथी पिन बॅटरीची, सातवी चावीची आणि आठवी अर्थची असते. पण काही उत्पादकांच्या गाड्यांत चौथी आणि सातवी अदलाबदल केलेल्या असतात. म्हणून मोजायचं. रंगांवर तर अजिबात विसंबू नका. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची आणि काळी अर्थची असते. काही किटमध्ये मात्र लाल वायर बॅटरीची, नारिंगी चावीची आणि पिवळी चक्क म्यूटची असते. पिवळीला पिवळी जोडणाऱ्याने म्यूटच्या तारेत थेट १२ व्होल्ट सोडले, असा त्याचा अर्थ. म्हणून किटच्या कागदावरचं चित्र समोर ठेवा आणि प्रत्येक वायरीला कागदी पट्टीचं लेबल लावा: 'बॅटरी', 'चावी', 'अर्थ', 'म्यूट'. पुढचं सगळं काम लेबल वाचून करायचं.

बऱ्याच नव्या गाड्यांत स्टिरिओच्या मागे चावीचा पॉझिटिव्ह सापडतच नाही. तिथे स्टिरिओला चालू-बंदचा निरोप कॅन बस या डेटाच्या तारांवरून जातो. अशा वेळी पुरवठा फ्यूजबॉक्समधून घ्या. त्यासाठी फ्यूज टॅप मिळतो, त्यात जुना फ्यूजही राहतो आणि नव्या वायरीला तिचा वेगळा फ्यूज मिळतो. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनच्या कंप्युटरचा फ्यूज कधीही निवडू नका. १२ व्होल्ट सॉकेटचा फ्यूज बहुधा सोयीचा, पण काही गाड्यांत तो कायम चालू असतो, म्हणून आधी मोजा. टॅप कोणत्या बाजूने बसवायचा तेही ठरतं: जुना फ्यूज काढून त्या जागेच्या दोन खाचांपैकी वीज कुठल्या खाचेत येते ते बघा आणि टॅपचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय त्या खाचेत जाईल असा बसवा. उलटा बसवला तरी किट चालेल, पण त्याचा प्रवाह जुन्या फ्यूजमधूनही जाईल आणि त्या फ्यूजवर विनाकारण भार पडेल.

जोडणी

आता पुन्हा निगेटिव्ह काढा.

किटला दोन पॉझिटिव्ह का लागतात, हे समजून घेतलं तर चूक होत नाही. कायमच्या पॉझिटिव्हवर किट जिवंत राहतं, चावीच्या पॉझिटिव्हवरून त्याला कधी उठायचं आणि कधी झोपायचं ते कळतं. दोन्ही वायरी कायमच्या पॉझिटिव्हला जोडल्या तर किट कधीच झोपत नाही. समजा ते सतत १०० मिलिअँपिअर घेतंय, तर दिवसाला २.४ अँपिअर-तास झाले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी नऊ-दहा दिवसांत निम्म्यावर येते आणि गावाहून परतल्यावर गाडी सुरू होत नाही. उलट दोन्ही वायरी चावीच्या पॉझिटिव्हला जोडल्या, तर बॅटरीला धोका नाही, पण चावी काढताक्षणी चालू कॉल तुटतो, आणि पुष्कळ गाड्यांत स्टार्टर मारतानाही किट बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

प्रत्येक पॉझिटिव्ह वायरीला फ्यूज हवा, आणि तो पुरवठा जिथून घेतला त्या टोकाजवळ. फ्यूज वायरीला वाचवतो. तो किटजवळ ठेवला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. किती अँपिअरचा, हे किटच्या कागदावर असतं, बहुतेकदा १ ते ३. उडाला म्हणून मोठा घालू नका, का उडाला ते शोधा.

म्यूट लीड मिळाली असेल तर या टप्प्यावर काम सोपं आहे: स्टिरिओचा कपलर लीडमध्ये, लीडचं दुसरं टोक गाडीच्या कपलरमध्ये, तिसरं किटच्या डब्याकडे. म्यूटची वायर स्टिरिओनुसार पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिनवर जाते, स्टिरिओच्या वरच्या स्टिकरवर बघा. तिथे म्यूट सापडलं नाही तरी किटमधला रिले कॉलच्या वेळी समोरच्या स्पीकरची वाट तोडतो, फक्त मागच्या स्पीकरवर गाणं चालू राहतं.

लीड नसेल आणि स्पीकरच्या वायरी हातानेच जोडाव्या लागणार असतील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ नव्हे. आजच्या स्टिरिओंचे अँप्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब असतो. निगेटिव्ह बॉडीला लावली तर अँप्लिफायर जळू शकतो. दोन चॅनलच्या निगेटिव्ह एकमेकींनाही जोडायच्या नाहीत.

अर्थसाठी डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू चालत नाही. बॉडीला जोडलेला बोल्ट शोधा, रंग खरवडून धातू चमकू द्या, रिंग टर्मिनल लावा आणि आवळा. शक्य असेल तर स्टिरिओची अर्थ जिथे आहे तिथेच किटची घ्या. दोन उपकरणांची अर्थ दोन ठिकाणी असली की त्यांच्या दाबात बारीक फरक पडतो आणि तोच आवाज होऊन स्पीकरमधून कण्हत राहतो.

जोड क्रिंप करा किंवा डाख द्या, पण वर हीट श्रिंक चढवाच. प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. डाख दिलेला जोड हलता राहिला तर डाख संपतो तिथेच तार तुटते, म्हणून तो जवळच्या हार्नेसला बांधा.

माईक

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. माईक बसवायच्या आधी कागदी पट्टीने तात्पुरता चिकटवा आणि दोन-तीन जागा करून पाहा. वायर खालून लोंबत राहू दे, गाडी उभीच आहे.

तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माईकवर पडणारा आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलची घट. इंजिनाची आणि टायरची घरघर मात्र माईक कुठेही असला तरी जवळपास तेवढीच पोचते. म्हणजे माईक लांब नेलात की तुमचा आवाज घटतो, घरघर तशीच राहते. मग किट आवाज वाढवतं आणि त्याबरोबर घरघरही वाढते. म्हणून माईक तोंडापासून ४०-५० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

माझ्या अनुभवात चांगली जागा म्हणजे चालकाच्या समोर छताची पुढची कड, आरशाच्या आणि सनव्हायझरच्या मधली फट. सनव्हायझर खाली केला तर माईक झाकला जाणार नाही, हे बघा. दुसरी जागा चालकाच्या बाजूच्या पिलरचा (समोरची काच आणि दार यांच्या मधल्या खांबाचा) वरचा भाग, पण तिथे काच थोडी उघडली तरी वारा थेट माईकवर येतो. डॅशबोर्डवर, खास करून काचेवर हवा फेकणाऱ्या जाळीजवळ, माईक नको. स्पीकरपासूनही तो जितका दूर तितकं बरं. तुमच्या लीडमध्ये कॉलचा आवाज कुठल्या स्पीकरवर यावा हे निवडता येत असेल आणि माईक चालकाच्या पिलरवर असेल, तर मी पलीकडच्या बाजूचा पुढचा स्पीकर निवडतो.

बहुतेक माईक एका बाजूनेच नीट ऐकतात. खाचा किंवा भोकं असलेली बाजू तोंडाकडे वळवा. किटबरोबर आलेलाच माईक वापरा. प्लग बसतो म्हणून दुसरा लावू नका. या माईकना किटकडून बारीक दाब मिळावा लागतो आणि तो सगळ्या किटमध्ये सारखा नसतो.

वायर नेताना छताच्या कापडाची कड आणि समोरची काच यांच्या फटीत ती बोटाने दाबत न्या, मग दाराच्या रबराच्या आतून खाली, मग डॅशबोर्डच्या बाजूच्या झाकणातून आत. पिलरच्या कव्हरवर एअरबॅगची खूण असेल तर ते कव्हर काढू नका आणि वायरही त्याच्या आसपासून नेऊ नका. फुगा उघडताना मध्ये आलेली वायर त्याला अडवू शकते, माईक चेहऱ्यावर फेकला जाऊ शकतो. बाजूचे फुगे अनेकदा छताच्या कडेनेही पसरलेले असतात, म्हणून तुमच्या गाडीत ते कुठे आहेत हे मॅन्युअलच्या चित्रात आधी बघा. अशा गाडीत माईक स्टिअरिंगच्या मागच्या कव्हरवर लावणं सुरक्षित. आवाज थोडा कमी प्रतीचा येईल, तो पत्करावा. तिथे स्टिअरिंग वर-खाली करून वायर कुठे ताणली जात नाही ना, ते तपासा.

माईकची वायर विजेच्या वायरींच्या गुच्छात बांधू नका. दोन्ही एकमेकींना छेदणार असतील तर काटकोनात छेदू द्या.

डबा, बटणं आणि बंद करण्याआधीची चाचणी

डबा स्टिरिओच्या मागे किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे ठेवा, हीटरच्या नळीपासून, पेडलपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर. चारही बाजूंनी धातू असलेल्या कप्प्यात तो गेला तर ब्लूटूथ अडतं, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पत्र्याच्या पलीकडे जात नाहीत. डब्याला फोमची पट्टी गुंडाळून झिप टायने बांधा. बटणाचा तुकडा रस्त्यावरची नजर फारशी न हलवता बोट पोचेल असा लावा, पण 'एअरबॅग' असं लिहिलेल्या कव्हरवर कधीच नाही.

आता बॅटरी जोडा, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. डॅशबोर्ड उघडाच ठेवून चावी फिरवा. किट चालू होतं का? चावी काढल्यावर झोपतं का? रेडिओ चारही स्पीकरवर येतो का? इंडिकेटर, वायपर, एअरबॅगचा दिवा नेहमीसारखे आहेत का? एअरबॅगचा दिवा चालूच राहिला तर गाडी चालवायला काढू नका, तो तज्ज्ञाकडून बघून घ्या.

मग फोन जोडा. किटला जोडणीच्या स्थितीत न्या, फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव निवडा. नव्या किटमध्ये दोन्हीकडे सहा आकडी अंक दिसतात, ते जुळतायत हे पाहून होकार द्यायचा. जुन्यात ०००० किंवा १२३४ मागितलं जातं. फोन संपर्क वाचायची परवानगी विचारेल. नाही म्हणालात तर किटवर नावं येणार नाहीत, नुसते नंबर येतील. घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर कुणाच्या फोनला आधी जोडायचं हे किटमध्ये ठरवून टाका, नाहीतर शेजारी बसलेल्याचा फोन स्पीकरवर वाजेल.

उघड्या डॅशबोर्डवरच चार फोन करा: इंजिन बंद, इंजिन चालू, एसीचा पंखा पूर्ण, आणि काच थोडी उघडी. पलीकडे अशा माणसाला बसवा जो खरं सांगेल. "ऐकू येतंय का" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. त्याला दहा अंक सांगा आणि परत म्हणायला लावा.

आवाजात दोष असेल तर

समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष त्याच्या फोनचा नाही, तुमच्या गाडीतला आहे. तुमच्या स्पीकरमधला त्याचा आवाज तुमच्या माईकमध्ये शिरतोय. किट तो वजा करायचा प्रयत्न करतं, पण स्पीकर फाटेपर्यंत आवाज वाढवला असेल तर मूळ आवाज आणि ऐकू येणारा आवाज यांचा मेळ बसत नाही आणि वजाबाकी चुकते. आधी आवाज कमी करा, मग माईक हलवा, शेवटी माईकची संवेदनशीलता उतरवा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शीळ ऐकू आली तर ती अल्टरनेटरची, आणि दहापैकी नऊ वेळा कारण अर्थ. इंजिन चालू ठेवून किटच्या अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला दाब मोजा, ०.१ व्होल्टच्या वर असेल तर जोड पुन्हा साफ करा. ऑक्सची केबल वापरत असाल तर ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये घातला की शीळ जाते. फोन येण्याच्या आधी 'टिर्र टिर्र' असा आवाज येत असेल तर तो २जी नेटवर्कवर फोनच्या थांबत थांबत होणाऱ्या प्रक्षेपणाचा, फोन माईकच्या वायरीपासून दूर ठेवा.

सगळं ठीक वाटलं की डॅशबोर्ड बंद करा. वायरी कुठे चिमटल्या जात नाहीत ना, बघत. स्टिरिओ पूर्ण आत जात नसेल तर ढकलू नका, मागचा गुच्छ बाजूला सरकवा.

वापरताना

हात मोकळे झाले तरी डोकं कॉलमध्ये अडकलेलंच असतं. रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी कॅनडातल्या टोरोंटो शहरात ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी अपघातांशी पडताळून पाहिल्या आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात सूट मिळालेली दिसली नाही. ताशी ६० किलोमीटरला गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. म्हणून मी गाडी चालवताना स्वतःहून फोन लावत नाही. आलेला उचलला तर "गाडीत आहे, पोचून बोलतो" एवढंच. लांबचं बोलणं असेल तर गाडी बाजूला थांबवतो. काही ठिकाणी हँड्सफ्रीवरही बंदी असते, तुमच्या रस्त्यांचा नियम काय आहे ते बघून घ्या.

शेवटची चाचणी चालत्या गाडीत, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देऊन. तुम्ही घरून फोन करा आणि चालवणाऱ्याला तेच दहा अंक शहरातल्या वेगात एकदा आणि हमरस्त्याच्या वेगात एकदा म्हणायला लावा. आता पलीकडचा कान तुमचा आहे. अंक गिळले जात असतील तर माईक दोन बोटं पुढे आणा आणि पुन्हा ऐका. जागा पक्की झाली की खालची कागदी पट्टी काढून कायमची चिकटपट्टी लावा. कोणता पॉझिटिव्ह कुठल्या पिनवरून किंवा फ्यूजवरून घेतला, किटचा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, अर्थ कुठल्या बोल्टला आहे, हे एका कागदावर लिहून तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुठल्या बिघाडासाठी डॅशबोर्ड उघडणाऱ्या मेकॅनिकला तो लागेल.